बिनखिडकीची लायब्ररी

मौजा हळदबोडी, ता. नागभीड
पोळ्यानंतरचा दुसरा सोमवार, १९९८

तीर्थस्वरूप धनराजभाऊले धाकट्या कुंताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (तू दोनच वर्षांनी मोठा, अन् डोकं मीनं तुझ्या पायावर कधी ठेवलं नाई, पण कागदावर ठेवाले काय जाते.) इकडे सगळे खुशाल, तुमची खुशाली कळवावी. वहिनीचा गुडघा कसा आहे? मीनं टोरीचं तेल पाठवलं होतं, ते चोळते का शिशी फळीवर ठेवून तिच्याकडं पाहत बसते? तेल पाहून गुडघा बरा होत नाई, तिले सांग. तुझा खोकला गेला असेल त चांगलं. नसेल गेला त माजरीच्या कोळसाखाणीच्या धुळीले दोष देण्याआधी बिडी सोड. आमचे हे बरे आहेत. सकाळी बोडीवर मासोळ्या धराले जातात, दुपारी येतात, जाळं वाळवतात, जेवतात, अन् दिवसभरात चार शब्द बोलतात, त्यातले दोन मीठ कमी पडलं म्हणून. एवढी खुशाली पुरे झाली.

आता हे पत्र शेवटपर्यंत वाच. पहिलं पान वाचून, घडी करून खिशात नको टाकू. अर्धं पत्र वाचल्यानं काय होते तेच तुले सांगाले बसली आहे. तीन दिवसांपासून लिहून राह्यली, चौथी पास बाईचा हात आहे, अक्षराले हसू नको. ग्रामसेवकाले सांगितलं असतं त त्यानं मोत्यासारख्या अक्षरात 'उपरोक्त विषयास अनुसरून' करून दिलं असतं, पण यातली एक गोष्ट ग्रामसेवकाच्या कानावर जाण्यासारखी नाई. ती शेवटी आहे.

तुले जुन्या शाळेची कोपऱ्यातली खोली आठवते का, दोन खिडक्यांची, कवेलूच्या छपराची? तिथीच आपण शिकलो. मंग बाबानं तुले नागभीडले पाठवलं अन् मले बोडीवर. ते जाऊ दे, मी त्याचा राग धरत नाई. (धरते, पण आता वेळ नाई.) नवी शाळा झाली तशी ती खोली ग्रामपंचायतीकडं आली, अन् ग्रामपंचायतीकडं आली म्हणजे लटारूकडं गेली. लटारू म्हणजे आमचा उपसरपंच, तलावाखाली ज्याचं अठरा एकर धान आहे तो. सरपंचाची जागा बाईसाठी निघाली तेव्हा यानंच मले उभी केलं. याले वाटलं, ढिवराची बाई, अंगठा मारन अन् घरी जाऊन झिंगे निवडन. मीनं सही केली. सही करण्याआधी वरचं वाचलं. तेव्हापासून आमचं बिनसलं. त्या खोलीत याच्या धानाचे पोते होते, चाळीस एक. मीनं ते बाहेर काढाले लावले अन् म्हटलं, इथी लायब्ररी होईन. काऊन म्हणशील त आमच्या मोहल्ल्यात सातवी झालेल्या नऊ पोरी आहेत. सातवीच्या पुढं शाळा नाई, एसटीनं कोणी पाठवत नाई, त्या घरी बसून जाळ्याच्या गाठी मारतात. गाठी मले पण मारता येतात. त्यानं कोणी शहाणं झालेलं मीनं पाह्यलं नाई.

पण लायब्ररी होईन म्हणणं सोपं. तालुक्याले दोन अर्ज गेले, त्याचं उत्तर अजून रस्त्यात आहे. तेवढ्यात तुझ्या नीलिमाचं पत्र आलं, नागपूरहून. पोट्टी दर महिन्याले आत्याले पत्र टाकते, तू नाई टाकत, हे तुले ऐकवून ठेवते. तिचं पत्र मी तुले जसंच्या तसं उतरवून देते, म्हणजे तुले समजेन की चूक माझी नव्हती:

'आत्या, मी सध्या एका लायब्ररीचं काम करत आहे. तिचं विशेष असं की तिला खिडक्या लागतच नाहीत. सगळं पूर्ण पडदाभर. आणि ती सगळ्यांसाठी खुली आहे, एकदम फुकट. कुणीही घ्यावी, वापरावी, सुधारावी आणि पुढच्याला द्यावी. तुझ्या गावालाही देईन म्हणते. पोळ्याच्या सुमारास घेऊनच येते.'

इथी पान संपलं. मागं दुसरं पान होतं, ते पहिल्याले चिकटलेलं होतं. (खळ सांडली होती, अन् मी घाईत होती.) आता तूच सांग, यातून कोणता माणूस दुसरं काही समजन? भाची लायब्ररी घेऊन येऊन राह्यली, फुकट, अन् तिले खिडक्या चालत नाई. माझ्या खोलीले दोन खिडक्या. मी त्याच दुपारी मुखरू मिस्त्रीले बोलावलं अन् म्हटलं, या दोन्ही बुजव. मुखरू म्हणे, बाई, लोक खिडक्या पाडून घेतात, बुजवून कोणी घेत नाई. मी म्हटलं, तू विटा लाव, अक्कल नको लावू. दोन दिवसात दोन्ही खिडक्या गेल्या. काम मुखरूचं, म्हणजे आता तोफ लावली तरी वीट हलत नाई.

ग्रामसभेत लोकांनी विचारलंच, बिनाखिडकीची लायब्ररी काऊन? खरं सांगते, मले माहीत नव्हतं. पण सरपंचानं माहीत नाई म्हणलं की दुसऱ्या दिवशी नळ पण कोणी दुरुस्त करत नाई. मी म्हटलं, खिडकीतून पुस्तकं चोरीले जातात. रंभा (ती पंचायतीत मेंबर आहे, माझ्या बाजूची, भरवशाची, फक्त बोलण्याआधी विचार करत नाई) तिनं वरून जोड दिली की वाचणाऱ्याचं ध्यान बाहेर जाऊ नाई म्हणून मोठ्या शहरात आता तशाच बांधतात. लोकांनी माना हलवल्या. मंग पडद्याचा प्रश्न आला. पूर्ण पडदा पाहिजे असं पत्रात लिहिलेलं, अन् खिडक्या त बुजवल्या, मंग पडदा लावाचा कुठी? शेवटी दाराले लावला. नागभीडच्या मांडववाल्याकडून जाड जांभळा पडदा आणला, वरपासून खालपर्यंत, नाटकाले असते तसा. अन् सगळ्यांसाठी खुली म्हणून दाराचं कुलूप काढून घेतलं, नुसती कडी ठेवली. आता खोलीत काय होतं म्हणशील त अंधार होता. पण तयारी पूर्ण होती.

लटारूले हेच पाहिजे होतं. त्यानं तालुक्याले जाऊन कागद दिला: सरपंचबाईनं सार्वजनिक इमारतीच्या दोन खिडक्या बुजवल्या, लायब्ररीचं नाव सांगून गावाची दिशाभूल केली, लायब्ररी अस्तित्वात नाई. अन् खाली अविश्वासाच्या ठरावावर सहा सह्या. आम्ही नऊ मेंबर आहोत. सहा जणांनी हात वर केला की मी घरी. माझ्याकडं मी, रंभा अन् नथ्थू, तेवढेच. तहसीलदार साहेबानं सभा लावली गुरुवारी, पोळ्यानंतरच्या गुरुवारी, अकरा वाजता. अन् मी घरी गेली की त्या खोलीत सुगीच्या आधी पुन्हा धानाचे पोते येणार, हे लहान लेकराले पण कळत होतं. मले खुर्चीचं काही नाई, खुर्ची पत्र्याची आहे, उन्हाळ्यात तापते. पण त्या खोलीत पोते मी पाहू शकली नसती.

मंगळवारी नीलिमा आली. छोट्या रेल्वेगाडीनं नागभीडले उतरली, तिथून एसटीनं, अन् मांडीवर एक मोठा डबा, खाली दुसरा डबा. मी म्हटलं पुस्तकं कमी दिसतात. ती म्हणे, आत्या, पुस्तकं कुठी, हा कॉम्प्युटर आहे. मी म्हटलं, अन् लायब्ररी? ती म्हणे, याच्यातच आहे. मीनं तिले खोली दाखवली, बुजवलेल्या खिडक्या दाखवल्या, पडदा दाखवला. भाऊ, तुझी पोट्टी त्या पडद्याले धरून इतकी हसली की पडद्याचं एक कडं निघालं. मंग तिनं माझ्याकडून तिचं पत्र मागितलं, चिकटलेलं पान नखानं सोडवलं अन् मले वाचून दाखवलं. ते पान मी तुले उतरवून देत नाई. त्यात पहिल्याच ओळीत सगळा खुलासा होता.

खुलासा असा. (ग्रामसेवकाले पण नाई समजला, मले समजला, म्हणून तुले सांगते.) कॉम्प्युटरचा जो काच असते त्याले पडदा म्हणतात. आता नागपुरात जे नवे कॉम्प्युटर चालतात त्यात पडद्यावर खिडक्या खिडक्या उघडतात, एकावर एक, प्रत्येकीले चौकट, प्रत्येकीच्या कोपऱ्यात बंद कराची फुली. हा नीलिमाचा डबा कॉम्प्युटरच्या क्लासवाल्यानं भंगारात काढलेला, याले त्या खिडक्या झेपत नाई. मंग परदेशातल्या कोण्या भल्या माणसानं चित्रं काढाच्या कामाचा साठा करून ठेवला आहे: रेघ काढाची असेल त हा तुकडा घ्या, रंग भराचा असेल त तो घ्या. अशा साठ्याले त्या लोकात लायब्ररी म्हणतात. हा साठा घेतला की खिडकी उघडत बसाची गरज नाई, चौकट नाई, फुली नाई, चित्र सरळ पूर्ण पडद्यावर. मी म्हटलं, म्हणजे अर्ज नाई, बाबू नाई, सरळ साहेबाच्या टेबलावर. ती म्हणे, हो आत्या, तसंच. मंग मले ते पटलं, मी पण तसंच काम करते. तिचं नाव एसव्हीजीएलिब. त्यातलं लिब म्हणजे लायब्ररी. आता पाह्य, ज्यानं नाव ठेवलं त्यानं स्वतःच अर्धं लिहून सोडलं, अन् अर्धं वाचलं म्हणून बोलणी मले.

अन् खुली म्हणजे दार खुलं नाई. म्हणजे आतलं सगळं लिहिलेलं कोणीबी वाचावं, कोणाले चूक दिसली त सुधारावी, अन् सुधारलेलं सगळ्यांले द्यावं. खिडकी एक नाई अन् तरी सगळं उघडं. मी म्हटलं, ग्रामपंचायतीत नेमकं उलटं आहे.

तिनं डबा चालू केला तेव्हा त्यानं पहिलं काय विचारलं माहीत आहे? तू कोण, म्हणून. नीलिमानं लिहिलं, रूट. मले वाटलं एसटीचा रूट, नागभीड-सिंदेवाही. ती म्हणे, नाई आत्या, रूट म्हणजे या डब्याचा मालक. ही लायब्ररी सरळ आतल्या यंत्राले हात घालते, म्हणून रूटशिवाय दुसऱ्याले चालवू देत नाई. रूटनं म्हटलं ते होते, त्याले कोणी अडवत नाई. मी म्हटलं, म्हणजे सरपंच. ती म्हणे, त्याच्यापेक्षा जास्त, रूटले उपसरपंच नसते. मी विचारलं, अन् त्याच्यावर अविश्वास? ती म्हणे, तशी सोयच नाई. भाऊ, मी त्या डब्याकडं बराच वेळ पाहत बसली.

अविश्वासाचं तिले तेव्हाच सांगितलं. पोट्टीचं तोंड उतरलं. म्हणे, माझ्या पत्रानं झालं. मी म्हटलं, पत्रानं नाई, खळीनं झालं, तू तुझं काम दाखव. तिनं कॉलेजात बसून एक खेळ बनवला होता, त्याचं नावच बोडी. पूर्ण पडदाभर निळं पाणी, अन् त्यात मासोळ्या फिरतात. पण चालू करता करता तिनं कोणत्यातरी फाइलीत पडद्याची ताकद लिहाची असते तिथी आकडा चुकवला. काच काळा झाला अन् आतून शिट्टी मारू लागला, कुकर मारते तशी, पण न थांबता. नीलिमा बटनं दाबत बसली, एक बटन ऐकत नव्हतं. मीनं भिंतीतली पिनच उपटली. ती म्हणे, आत्या, बरं केलं, नाईतर जळला असता. म्हणजे जिथी हजार बटनं हरली तिथी माझा एक हात जिंकला, हे वहिनीले आवर्जून सांग.

दुसऱ्यांदा नीट लागलं. अन् मंग मले खिडक्या बुजवल्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला, कारण त्या काळ्या खोलीत ते पाणी असं चमकलं की आमचे हे, जे चार शब्द बोलतात, ते एकदम सहा बोलले. म्हणे, 'हे आपल्या बोडीपेक्षा खोल दिसून राह्यलं.' पण मोहल्ला ढिवरांचा, भाऊ, इथी मासोळी दाखवून कोणी सुटत नाई. बुधवारी सकाळी अर्धा मोहल्ला खोलीत, अन् वाद सुरू. एक म्हणे हा रोहू, दुसरा म्हणे कतला, डोकं पाह्य किती मोठं. सत्तरीतला कोलूबुवा सगळ्यांच्या मागून पुढं आला, काचाले नाक लावलं अन् म्हणाला, यांची शेपटी खोटी आहे. मासोळी शेपटी झाडूसारखी हलवत नाई, अंग आधी वळते, शेपटी मागून येते, पोरी, तुनं कधी मासोळी हातात धरली का? नीलिमा कागद घेऊन त्याच्यासमोर बसली. बुवानं हातानं, खांद्यानं, शेवटी अख्ख्या कमरेनं मासोळी करून दाखवली. दुपारपर्यंत तिनं आतलं लिहिलेलं बदललं. अन् भाऊ, त्या मासोळ्या जिवंत झाल्या. तिनं आत लिहूनच टाकलं आहे: शेपटी, कोलू, हळदबोडी. नागपूरले गेली की ते फोनच्या तारेवरून जगभर सोडणार, ज्याले पाहिजे तो घेईन. कोलूबुवा आतापासूनच रोज पोस्टमनले विचारते, शेपटीचं काही उत्तर आलं का म्हणून.

गुरुवार उजाडला. मी दहा वाजता लटारूकडं स्वतः गेली. म्हटलं, भाऊ, तुनं कागदात लिहिलं लायब्ररी अस्तित्वात नाई. साहेब विचारन की तुम्ही सहा जणांनी खोली आतून पाह्यली का, तेव्हा काय सांगशील? पाह्यल्याशिवाय सही केली म्हणून तुमचाच पंचनामा होईन. लटारू हुशार माणूस आहे, हुशार माणसाले कायद्याची भीती लवकर पटते. बाकीच्या पाचही जणांले घेऊन तो पाहणी कराले आला, वही-पेन घेऊन. नीलिमानं त्यांले चालू करून दिलं, लांब बटन दाबलं की फेकजाळं कसं पडते ते दाखवलं, कोपऱ्यात किती धरल्या त्याचा आकडा येते ते दाखवलं, अन् म्हणाली, उजेडानं काचावर तिरीप येते, दार लोटून घ्या, पडदा ओढून घ्या. कोलूबुवा आत बसला, शेपटीबद्दल कोणी विचारलं त सांगाले. नीलिमा माझ्या घरी चहा पिऊन राह्यली होती, तिले यातलं काही माहीत नाई.

लटारूनं वहीत लिहिलं, खिडक्या दोन, बुजवलेल्या. मंग म्हणे, एकदा बटन पाहू. बस. हे मले मागून कोलूबुवानं सांगितलं. पहिल्या फेकीत त्याले तीन मिळाल्या. दुसरा म्हणे, तू जाळं उशिरा टाकतं, सरक. तिसरा म्हणे, मरळ वर येण्याआधी टाका लागते, तुम्ही धानवाले, तुमाले काय समजते. चौघं त ढिवरच आहेत, भाऊ, अन् दोघं धानवाले असले तरी दुसऱ्याच्या बोडीत जाळं टाकाची हौस कोणाले नसते? तीस वर्षात जे सहा जण एका रस्त्याच्या ठरावावर एकत्र बसले नव्हते ते एका बाकावर बसले. वही खाली पडली. बाहेर ऊन आहे का पाणी आहे, दहा वाजले का बारा, त्या खोलीत समजाले जागाच नाई.

अकरा वाजता तहसीलदार साहेबाची जीप आली. ग्रामपंचायतीत मी, रंभा, नथ्थू. साहेबानं नावं वाचली. तीन हजर, सहा गैरहजर. साहेब म्हणे, ज्यांनी अविश्वास आणला तेच कुठी आहेत? मी म्हटलं, सकाळी पाह्यले होते जी. (खरं बोलली.) साहेब थांबले, चहा घेतला. अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली. पंखा थांबला, अन् पंखा थांबला तसा शाळेच्या बाजूनं धपधप आवाज येऊ लागला. साहेबानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, लायब्ररीचं काम चालू आहे जी. साहेबानं मान हलवली, म्हणाले, चांगलं आहे, पण लायब्ररीत शांतता पाहिजे. मंग साडेअकराले त्यांनी कागदावर लिहिलं, पुरेसे सदस्य नाईत, ठराव बारगळला, अन् मले म्हणाले, आता वर्षभर असा ठराव आणता येत नाई. जीप तलावाची पाळ उतरून दिसेनाशी झाली, मंग मी खोलीकडं गेली. चालतच गेली, धावली नाई.

झालं असं की लाइन गेली अन् दार उघडे ना. पाणी-पावसाचे दिवस, लाकडाचं दार, फुगलं होतं. सहा जण आतून ढकलून ढकलून दमले. कोलूबुवा म्हणे बाकावर निवांत बसून त्यांले सांगत होता की जाळ्यात आलेल्या मासोळीनं तडफड केली की जाळं आणखी गुंतते. मीनं बाहेरून एक झटका दिला तसं उघडलं. माझा हात पहिल्यापासून दणकट आहे, तुले माहीत आहे. पडदा सारून लटारू सगळ्यात आधी बाहेर आला, घामानं भिजलेला, डोळे बारीक करून, उजेड सहन होईना. म्हणे, 'कुंताबाई, किती वाजले?'

मी म्हटलं, 'खिडकी असती त दिसलं असतं, भाऊ.'

त्याले तेव्हा समजलं नाई. तो मले सांगत होता, एकशे बारा धरल्या, लाइन गेली नसती त दीडशे. मागचे पाच जण ओरडत होते की यानं चार वेळा पाळी घेतली. मंग ग्रामसेवकानं कागद दाखवला. शुक्रवारी लटारू तक्रार घेऊन तालुक्याले गेला. तिथी म्हणे बाबूनं लिहून मागितलं की सभेच्या वेळी सहाही सदस्य नेमकं काय करत होते. लटारूनं कागद कोराच ठेवला अन् दुपारच्या एसटीनं परत आला. आता रोज संध्याकाळी येते, पडद्याआडून विचारते, जागा आहे का म्हणून. नऊ पोरींतल्या कोणीतरी त्याले सांगते, रांग आहे, काका. त्या पोरी नीलिमाच्या भोवती बसून लिहून घेऊन राह्यल्या आहेत, तुकडा कसा उचलाचा, रंग कसा भराचा. खरी पुस्तकं पण आली, चार नीलिमानं दिली, सात मास्तरनं. नीलिमा म्हणते हवेसाठी एक खिडकी परत उघडा लागेन. मुखरूले सांगितलं आहे, तो विटेकडं पाहून माझ्याकडं पाहते. अन् डबा ती इथीच ठेवून जाते म्हणते. तू तिले म्हटलं म्हणे, फुकट वाटून कोणाचं भलं झालं? माझं झालं. हे तुले लेखी देते.

बुधवारी ती नागपूरले जाईन, तिथून माजरीले येईन. तिले बोलू नको. वहिनीच्या गुडघ्याले माझा नमस्कार, तुझ्या खोकल्याले शिव्या, अन् तुमा दोघांले पोटभर माया.

तुझी बहीण,
कुंता
(सरपंच. अजून.)

ता. क. दार फुगलं होतं असं वर लिहिलं. फुगलं होतंच, थोडं. पण कडी पण होती. कडी मीनं नाई लावली, देवाशपथ. मी फक्त रंभाले म्हटलं, वारा आहे, दार वाजून राह्यलं. ती बोलण्याआधी विचार करत नाई हे वर लिहिलं आहे, करण्याआधी पण करत नाई.

ता. क. दुसरं. नीलिमाले कडीचं माहीत नाई. तिले वाटते सहा जण नुसत्या मासोळ्यांपायी बसून राह्यले. लाइन जाईपर्यंत त तसेच बसले होते, त्यातलं मीनं काही केलं नाई. म्हणून हे पत्र तिच्या हाती न देता पोस्टात टाकते. वाचून झाल्यावर चुलीत घाल, फळीवर नको ठेवू.

ता. क. तिसरं, अन् यासाठीच हे पत्र लिहिलं. ती कडी वाकली. सहा जणांनी वीस मिनिटं आतून ढकलली, जुनं लोखंड, काय टिकन. इथल्या लोहाराकडून करून घ्यावी त तो विचारन कशानं वाकली. तुमच्या माजरीच्या बाजारातला लोहार चांगला आहे म्हणतात. त्याच्याकडून एक जाड कडी करून घे, हातभर लांब, अन् कोयंडा पण तसाच जाड, अन् येशील तेव्हा घेऊन ये. घाई नाई. साहेबानं वर्षभर म्हटलं आहे, त्यातले चारच दिवस गेले, तीनशे एकसष्ट बाकी आहेत.